न्हाणीचं पाणी आणि देवाचं डोकं

अण्णांना ऐन थंडीत गार पाण्यानं आंघोळ घालायची, हे मी ज्या दुपारी ठरवलं ती दुपार मला अजून लख्ख आठवते. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझा निवलेला नाही. अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या तेराव्याला मी गेले होते आणि पंगतीत दोन लाडू मागून घेऊन खाल्ले होते. तेव्हा हे सगळं मी क्षमाबिमा करून लिहायला बसलेली नाही, एवढं वाचणाऱ्यानं आधीच समजून घ्यावं.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. कालव्यांची कंत्राटं घेत. समर्थनगरातलं आमचं दुमजली घर त्यांनी उभं केलं आणि त्यातली प्रत्येक वीट आपल्याला विचारून बसली आहे असं ते सांगत. माझे बाबा त्यांचे धाकटे भाऊ, वैजापूरच्या तहसिलीत कारकून. शनिवारी संध्याकाळी कांद्यांची पिशवी घेऊन एसटीनं यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. मधले पाच दिवस आई आणि मी न्हाणीला लागून असलेल्या मागच्या खोलीत. घरात एकूण अकरा माणसं, शिवाय येणारेजाणारे. आई अण्णांशी कधी समोरासमोर बोलली नाही. थोरल्या दिराशी बोलायची रीतच नव्हती. काही सांगायचं असलं की ती दाराआडून मला सांगायची, "अण्णांना म्हणावं, पीठ संपलंय," आणि अण्णा दोन हातांवर बसलेले असूनही मी ते वाक्य पुन्हा म्हणायची. मग अण्णा मला म्हणायचे, "सांग तिला, आणतो."

सकाळचा बंब माझ्याकडे होता. आधी तो आईकडे होता, पण तिची कंबर धरायला लागली तेव्हा बाराव्या वर्षी तो माझ्याकडे आला आणि मग कुणी मागे घेतला नाही. पाच वाजता उठायचं, राख काढायची, खाली कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, आणि दाणे काढलेली मक्याची कणसं घालून पेटवायचं. ओल्या पऱ्हाट्यांचा धूर डोळ्यांत जायचा, तिकडे स्वयंपाकघरात आईचा भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, शेंगदाण्याच्या चटणीसाठी लसूण कुटलेला कळायचा, आणि मग माडीवरून अण्णांचं खाकरणं. आंघोळीचा क्रम ठरलेला. आधी अण्णा, दोन बादल्या. मग विलास, त्यांचा मुलगा, दीड बादली आणि वर आणखी तांब्याभर मागून. मग मोठी आई, म्हणजे अण्णांची बायको, मग बाकीचे. शेवटी आई. तोवर मी बंबात चार वेळा गार पाणी ओतलेलं असायचं. गार पाणी ओतलं की ते खाली जाऊन बसतं आणि गरम वर राहतं, आणि आमच्या बंबाची तोटी होती खाली. म्हणून आईच्या वेळी मी तोटी सोडतच नसे. झाकण उघडून वरून तांब्यानं कढत पाणी काढून तिची बादली भरायची. ही युक्ती मला आईनंच शिकवली होती. घरातल्या दुसऱ्या कुणाला ती माहीत असण्याचं कारण नव्हतं, कारण दुसऱ्या कुणी कधी बंबाला हात लावला नव्हता.

बारावीला मला चांगले मार्क मिळाले. विज्ञान शाखेचे तास सकाळी सातला सुरू व्हायचे, म्हणजे साडेसहाला घर सोडायला हवं. जूनमधला शनिवार होता, बाबा आलेले होते, विलासचे दोन मित्र चहाला बसलेले. मी अण्णांपुढे कॉलेजचा अर्ज ठेवला. त्यांनी तो उचललासुद्धा नाही. म्हणाले, "निर्मी कॉलेजात गेल्यावर सकाळचा बंब कोण पेटवील? मी?" सगळे हसले. विलास हसला, त्याचे मित्र हसले. बाबाही हसले, जरा खाली बघून. अण्णांच्या बोलण्यापेक्षा बाबांचं ते हसू मला जास्त लागलं, पण बाबांवर राग धरायला माझं मन धजेना, म्हणून तोही मी अण्णांवरच धरला. अर्ज मी पोळपाटाखाली ठेवला. पुढचे कित्येक दिवस पोळ्या लाटताना तो खाली कुरकुरायचा.

दिवाळी झाली आणि अण्णांनी जाहीर केलं की घरावर सोलर बसवायचं. विलासचं लग्न जालन्याच्या एका वकिलांच्या मुलीशी ठरत होतं आणि त्या वकिलांच्या गच्चीवर सोलर होतं. आपल्याकडे नाही म्हणजे काय! उन्हात पाणी तापवणाऱ्या काचेच्या दोन पेट्या पुण्याहून मागवल्या. टाकी मात्र इथंच करून घ्यायची ठरली, शहागंजातल्या रशीदचाचांकडून. आमचा बंबही त्यांनीच घडवलेला होता. रशीदचाचा बारीक, पांढऱ्या दाढीचे, कानावर कायम पेन्सिल. ते आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला की टाकी किती लिटरची करायची. विलास तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. तो वही घेऊन आकडेमोड करायला बसला आणि पाचशे लिटर म्हणाला. चाचांनी मान हलवली आणि विचारलं, "इत्ता पानी गरम कौन करेगा? घर में नहाने का पानी कौन देता?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना कोण किती बादल्या घेतं ते सांगितलं, त्यात विसणाचं गार किती, कढत किती हेही सांगितलं. चाचा बोटांवर मोजत होते. शेवटी म्हणाले, अडीचशे. ते ठरलं. पत्रा कुठला, तेही त्यांनी मलाच विचारलं, म्हणजे बंब कितीदा खरवडावा लागतो असं विचारलं. मी म्हणाले, बोअरचं पाणी असलं की महिन्यातून दोनदा, चिंच लावून. मग साधा पत्रा नको, स्टीलचा, असं ते म्हणाले. अण्णांना स्टील चकचकतं म्हणून पसंत पडलं. त्या दिवशी घरात पहिल्यांदा माझ्या कामातलं काहीतरी कुणीतरी विचारलं होतं. खोटं कशाला सांगू, मी हरखून गेले होते. बंब गेला म्हणजे कारण गेलं. येत्या जूनमध्ये अण्णा काय सांगणार? टाकीसाठी माझ्याइतकी धावपळ त्या घरात कुणीच केली नाही.

अडलं ते जागेवर. आमच्या गच्चीवर दक्षिणेला अण्णांनी देवघर बांधलं होतं, छोटं, वर कळस असलेलं. दिवसभर ऊन तिथंच. बाकीच्या गच्चीवर शेजारच्या लिंबाची सावली फिरायची. रशीदचाचांनी सांगितलं की पेट्या देवघरापुढं आणि टाकी देवघराच्या स्लॅबवर. अण्णा म्हणाले, न्हाणीचं पाणी देवाच्या डोक्यावर चालणार नाही. चाचांनी जिन्याच्या खोलीवरची गार पाण्याची टाकी दाखवली, ती तर देवापेक्षा उंच होती. अण्णांचं म्हणणं, ते पिण्याचं पाणी, पूजेचं पाणी, त्याचं चालतं. न्हाणीचं नाही. मग चाचा म्हणाले, देवघराशेजारी लोखंडी घोडी करू आणि तिच्यावर टाकी ठेवू. अण्णांनी तेही उडवून लावलं, कारण तशी ती देवाच्या बरोबरीला आली असती. टाकी खाली ठेवायची, गच्चीच्या फरशीवर, पेट्यांच्या शेजारी. चाचांनी हात जोडले. "साब, टाकी पेटी से ऊपर होना. पानी गरम हुआ तो ऊपर चढ़ता. नीचे रखे तो दिन कू काम चलेगा, रात कू सब उलटा होगा. पेटी ठंडी पड़ेगी, उसका ठंडा पानी टाकी में उतरेगा, टाकी का गरम पेटी में जाएगा. सुबह तक सब बरफ." अण्णा हसले. "मियाँ, पंचवीस वर्षं कालवे खोदलेत मी. पानी नीचे जाता, ऊपर नहीं. तू टाकी बना, जागा मी सांगतो." विलासनंही मान डोलावली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत ते शिकवत नसावेत, किंवा त्या दिवशी तो गेला नसावा.

अण्णांची चूक मला आज समजते, म्हणजे तिची जात समजते. त्यांनी जन्मभर वरून खाली जाणारं पाणीच पाहिलं होतं. धरणातून कालव्यात, कालव्यातून शेतात. वर चढणारं पाणी बघायला बंबापाशी बसावं लागतं.

मी चहा घेऊन गेले तेव्हा रशीदचाचा जिन्यात बसले होते. म्हणाले, "बेटी, तू बोल के देख. मेरा नाम खराब होगा." मला त्यांचं एक अक्षरही समजावून घ्यावं लागलं नव्हतं. रोज सकाळी मी तेच बघत होते. मी बोलेन म्हणून सांगितलं. अण्णा दुपारी जेवून गच्चीवर शतपावली करत होते, तिथं मी गेले. माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. टाकीची गोष्ट आधी काढली असती तर कदाचित पुढचं सगळं वेगळं झालं असतं. पण मी अठरा वर्षांची होते, पोटात जे उकळत होतं ते आधी बाहेर आलं. मी विचारलं, "अण्णा, आता बंब जातोय. येत्या जूनला मी कॉलेजात नाव घालू का?"

अण्णांनी शतपावली थांबवली नाही. "सिल्लोडचं स्थळ आलंय तुझ्यासाठी," ते म्हणाले. "मक्याची आडत आहे. घर मोठं, माणसं लई. त्यांच्याकडं बंबच आहे. तुला सवय आहे म्हणून सांगितलंय मी."

आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर खूष होऊन हसले. पुढे गेले, कठड्यापाशी वळले, परत आले आणि म्हणाले, "आणखी काय?"

"काही नाही," मी म्हणाले.

ते "काही नाही" म्हणताना मला काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. खरोखरीचा, थंडगार आनंद. इतकी वर्षं माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि आता एक गोष्ट होती जी मला माहीत होती आणि अण्णांना नव्हती. माझं स्वतःचं नुकसान होतं त्यात, हेही कळत होतं. सोलर फसलं की बंब परत, बंब परत आला की मी परत त्याच्यापुढं. मग मी त्याचाही बंदोबस्त करायचं ठरवलं.

पेट्या यायला उशीर झाला. त्या आल्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, आणि जालन्याचे पाहुणे मुक्कामाला यायचे होते त्याच संध्याकाळी. सकाळी रशीदचाचांनी पाइप जोडले, पाणी भरलं. टाकी फरशीवर, विटांच्या वीतभर ओट्यावर, उन्हात चमकत होती. खाली मोठी आई बंबाकडे बघून कातावली होती. पाहुण्यांपुढं हे काळं धूड कुठं लपवायचं? मी अगदी गोड आवाजात म्हणाले की आता ठेवायचा कशाला, तांब्याचा आहे, रशीदचाचांना मोडीत देऊन टाका, जागा मोकळी होईल. तिला ते पटलं. हातगाडीवर बंब चढवायला मीच हात लावला. चाचा माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "बेटी, इसकू दो दिन रख ले." मी म्हणाले, "नको चाचा. घेऊन जा." त्यांनी बंबाला दोरी आवळली. मग गाडी ढकलत निघून गेले.

संध्याकाळी पाहुणे आले, नऊ माणसं. वकीलसाहेब उंच, सडपातळ, बोलण्यात अतिशय हळू. अण्णांनी त्यांना थेट न्हाणीत नेऊन तोटी सोडली. वाफा आल्या. दिवसभराच्या उन्हानं पाणी चांगलं तापलं होतं. सगळ्यांनी हातपाय धुतले, वा वा झाली, अण्णा दर पाहुण्याला नव्यानं तोटी सोडून दाखवत होते. रात्री आमटीच्या वासानं घर भरलेलं, आईनं चाळीस पुरणपोळ्या केल्या. अण्णा वाढताना म्हणाले, सकाळी कुणी घाई करू नका, पाण्याला तोटा नाही. मी ते ऐकलं आणि शांत झोपले.

सकाळी साडेपाचला वकीलसाहेब आंघोळीला गेले. कडाक्याची थंडी होती. अण्णा त्यांचा टॉवेल हातावर घेऊन दाराबाहेर उभे. आतून पाणी पडल्याचा आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही, मग दार उघडलं. वकीलसाहेब पंचा नेसून उभे, एक खांदा ओला. त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "अण्णासाहेब, तुमच्याकडं आंघोळ संध्याकाळी करतात का?"

अण्णांनी बादलीत हात घातला आणि तो चटकन बाहेर काढला. मग बंब, बंब असा ओरडा झाला, आणि बंब कुठं आहे ते मोठ्या आईनं सांगितलं. दहाचा मुहूर्त, वीस माणसं, पाणी बर्फ. गॅसवर एक पातेलं, स्टोव्हवर एक, असं सुरू झालं. आणि इथं मी एक गोष्ट लिहून ठेवणं भाग आहे. सूड ठरवताना मी सगळ्याचा विचार केला होता, फक्त एकाचा नाही. पातेल्यांपाशी कोण उभं राहणार? आई उभी राहिली. दोन तास. दोन शेगड्यांच्या मध्ये, पदरानं पातेली धरून. सातव्या का आठव्या पातेल्याला पदर निसटला आणि तिच्या डाव्या मनगटापासून बोटांपर्यंत कढत पाणी सांडलं. तिनं हात गार पाण्याच्या बादलीत घातला, गार पाण्याला त्या दिवशी तोटा नव्हताच, आणि उजव्या हातानं पुढचं पातेलं ठेवलं. मी मधे गेले तर मला ढकलून म्हणाली, "पाहुण्यांना दे जा."

अण्णांच्या वाट्याला काही कढत पाणी आलं नाही. पाहुणे संपता संपता साडेसात झाले आणि त्यांना पूजा करायची होती. ते गार पाण्यानं न्हाले. मी बाहेर दोरीवर टॉवेल वाळत घालत होते. त्यांचं स्तोत्र दातांवर दात आपटून तुटत होतं, दर तांब्याला श्वास अडकत होता. आईचा हात भाजलेला असतानाही मला ते ऐकून बरं वाटलं. आजही आठवून बरं वाटतं. त्याबद्दल कुणाला माझ्याविषयी जे वाटायचं ते वाटो.

आठला रशीदचाचांना बोलावणं गेलं. अंगणात सगळे जमले, वकीलसाहेब चहाचा कप घेऊन खांबाला टेकलेले. अण्णांनी चाचांवर आवाज चढवला, टाकीच खराब केली म्हणाले. चाचांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मैं तो बोला था साब. जगह गलत है. इस बेटी कू भी मालूम था." ते त्यांनी मला अडकवायला म्हटलं नव्हतं. आपलं नाव वाचवत होते आणि त्यांना तो हक्क होता.

अण्णा माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग सांगितलं कामून नाय?"

"मी दोन गोष्टी सांगायला वर आले होते, अण्णा. पहिलीलाच तुम्ही सिल्लोड सांगितलंत. दुसरी राहून गेली."

अण्णांचा हात वर गेला. तो खाली आला असता की नाही, मला माहीत नाही, कारण तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि आई अंगणात आली. डोक्यावरचा पदर ओल्या हाताला गुंडाळलेला, म्हणून डोकं उघडं. वीस वर्षांत ती त्या माणसासमोर अशी उभी राहिली नव्हती. ती माझ्याकडे न बघता, दाराआडून नाही, मला मध्ये न घालता बोलली.

"मलाबी माहीत होतं," ती अण्णांना म्हणाली. "जूनमध्ये पोरीचं नाव घालायचंय. तवर टाकी वर घ्या, नाय तर बंब तुम्ही पेटवा."

बाबा साखरपुड्यासाठी रजा घेऊन आलेले होते, ते तिथंच होते. या वेळी ते हसले नाहीत. वकीलसाहेबांनी कप खाली ठेवला आणि अण्णांना म्हणाले, चला, मुहूर्त जाईल. साखरपुडा झाला. पुढच्या महिन्यात अण्णांनी देव खाली हॉलमध्ये आणले, रिकाम्या देवघरावरचा कळस उतरवला आणि टाकी स्लॅबवर चढवली. सिल्लोडच्या माणसांना काय कळवलं ते मला कुणी सांगितलं नाही. जूनमध्ये बाबांनी रजा काढून माझं नाव घातलं. पोळपाटाखालचा अर्ज पिठानं आणि तेलानं इतका खराब झाला होता की नवा घ्यावा लागला.

पण त्या दिवसाचं शेवटचं अजून सांगायचं राहिलं. दुपारी पाहुणे निघाल्यावर मागच्या खोलीत मी आईच्या हाताला खोबरेल लावत होते. फोड आले होते. मी तिला विचारलं की तुला माहीत होतं तर तू तरी बोलायचंस, माझ्याकडून निरोप द्यायचास.

"मी जिन्यातच होते तवा," ती म्हणाली. "चाचा मलाबी म्हणाले होते. म्हटलं आज रीत मोडू, आपणच वर जाऊन सांगू टाकीचं. निम्म्या पायऱ्या चढले आन् ते सिल्लोडचं ऐकलं."

"मग?"

"मग खाली आले," आई म्हणाली, "आन् रातच्या जेवणाची डाळ भिजत घातली."